गव्हाण आणि सुरी

वैद्यकाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार माणसाच्या शरीरापाशीं थांबतात, आणि जनावरांच्या वैद्यकाचा इतिहास लिहूं लागले म्हणजे बहुधा घोड्यापाशीं थांबतात. यांत नवल नाहीं. घोडा व हत्ती हे राजाचे सैनिक. त्यांच्यासाठीं आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवानें अश्ववैद्यक व पालकाप्याच्या नांवानें हस्त्यायुर्वेद असे स्वतंत्र ग्रंथ झाले. अशोकानें आपल्या दुसऱ्या शिलालेखांत माणसें व पशु या दोहोंच्याहि चिकित्सेची तजवीज केल्याचें नमूद केलें आहे. सुश्रुतानें तर माणसाचें उदर नाभीखालीं डाव्या बाजूस चिरून आंतड्याचें छिद्र काळ्या मुंग्यांच्या डंखांनीं मिटविण्याची कृति सांगितली आहे. परंतु जिला आपण माता म्हणतों त्या गाईचें पोट शस्त्रानें उघडून तिला बरें करण्याची विद्या इतकी प्राचीन नाहीं. तिचा बहुतेक इतिहास गेल्या दोन-अडीच शतकांतला, आणि त्यांतलाहि मोठा भाग १९५० नंतरचा आहे.

आम्ही हा इतिहास चाळूं लागलों तो केवळ कुतूहलानें. परंतु एक गोष्ट पुन्हां पुन्हां नजरेस येऊं लागली. गाईच्या पोटावरील नव्या शस्त्रक्रियेची गरज जेव्हां जेव्हां पडली, तेव्हां तेव्हां त्याच्या थोडेंसें आधीं तिच्या गव्हाणींत कांहीं तरी नवें पडलें होतें. आंतड्याला पीळ पडण्यासारखीं दुखणीं याला अपवाद आहेत, तीं निसर्गाचीं. परंतु ज्या शस्त्रक्रिया पशुवैद्यांना रोज कराव्या लागल्या, त्यांची पाळेंमुळें शोधूं गेल्यास तीं चाऱ्यांत सांपडतात, आणि चारा घालणारा हात माणसाचा असतो.

पुढील हकीकत समजण्यास गाईच्या पोटाची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. तिला चार पोटें आहेत असें आपण शाळेंत शिकलों. खरें पाहतां ते एकाच जठराचे चार कप्पे. पहिला कप्पा कोठीपोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटांत शंभर ते दोनशें लिटर ऐवज मावतो, व उदराची डावी बाजू जवळजवळ सारी तें व्यापून टाकतें. त्याच्या पुढें, छातीच्या पडद्याला लागून, जाळीपोट. त्याची आंतली बाजू मधाच्या पोळ्यासारखी दिसते. तिसरें पोट पडद्यापडद्यांचें. चौथें तेवढें माणसाच्या जठराशीं जुळणारें, आम्ल पाझरणारें. चीज करणारे लोक दूध नासविण्याचें द्रव्य वासराच्या याच पोटांतून काढीत आले. कोठीपोटांत चालतें तें आंबवण. १८४३ मध्यें ग्रुबी व दलाफों या दोघांनीं फ्रान्समध्यें कोठीपोटाच्या रसांत सूक्ष्म जीव वळवळतांना पाहिले, आणि पुढें विसाव्या शतकांत असें सिद्ध झालें कीं, गवत पचविण्याचें मुख्य काम अशा सूक्ष्म जीवांचेंच. गाय त्यांना घर देते, खाद्य पोंचविते, त्यांनीं केलेल्या आम्लांवर आणि शेवटीं त्यांच्याच देहांवर जगते. या आंबवणांतून वायु सारखा निघत असतो व तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. ढेकर अडला कीं कोठीपोट फुगतें, छातीचा पडदा पुढें दाबला जातो, आणि एरवीं धडधाकट असलेलें जनावर तासा-दोन तासांत गुदमरून मरतें. हीच पोटफुगी.

रोग पुरातन आहे. पहिल्या शतकांतला रोमन शेतीलेखक कोलुमेला यानें गुरांच्या पोटदुखीवर जे उपाय दिले आहेत त्यांतला एक असा कीं, पोहणारें पांखरूं, विशेषतः बदक, जनावराच्या दृष्टीस पाडावें म्हणजे दुखणें शमतें. या उपायास हंसण्यापूर्वीं आपण आपल्या गोठ्यांतून अजूनहि काढल्या जाणाऱ्या दृष्टीची आठवण ठेवावी हें बरें. परंतु पोटफुगीनें मोठें संकटाचें रूप धरलें तें पश्चिम यूरोपांत क्लोव्हर या तिपानी चाऱ्याची लागवड पसरल्यावर. सतराव्या व अठराव्या शतकांत जमीन पडीक टाकण्याऐवजीं तींत क्लोव्हर पेरण्याची रीत रूढ झाली. जमिनीचा कस वाढला, हिंवाळ्यासाठीं चारा सांठला, दूध वाढलें. आणि दंवानें ओल्या झालेल्या कोंवळ्या क्लोव्हरच्या रानांत शिरलेलीं गुरें फुगून पडूं लागलीं. आपल्याकडे दख्खनच्या बागाइतींत लसूणघासावर मोकळें सुटलेलें जनावर असेंच फुगतें, तें शेतकऱ्यांना नव्यानें सांगायला नको.

त्यावर जें हत्यार पुढें आलें त्याचें नांव ट्रोकार. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तीन धारांचें. अणकुचीदार सळई आणि तिच्यावर बसविलेली नळी, इतकीच त्याची रचना. डाव्या भकाळींत, शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध तें खुपसावयाचें, सळई काढून घ्यावयाची, आणि नळींतून वायु फुसकन् बाहेर पडूं द्यावयाचा. गाईच्या पोटावरची ही पहिली सर्वमान्य शस्त्रक्रिया म्हणावयास हरकत नाहीं. तिला वैद्य लागत नसे. धीट गुराखी पुरे. १८३४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या विल्यम यूअट याच्या गुरांवरील ग्रंथांत तिचें वर्णन आहे. थॉमस हार्डीच्या १८७४ सालच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' या कादंबरींत क्लोव्हर खाऊन फुगलेल्या मेंढ्या व त्यांना नळी टोंचून वांचविणारा गॅब्रिएल ओक आमच्या कित्येक वाचकांना आठवत असेल. तीं जनावरें गाई नव्हेत, पण विद्या तीच. या विद्येंत एक मोठी उणीव मात्र होती. क्लोव्हरनें होणाऱ्या फुगींत वायु मोकळा नसतो. साबणाच्या फेंसासारखा तो बारीक बुडबुड्यांत अडकलेला असतो आणि नळी फेंसानेंच बुजते. तेव्हां सुरीनें भकाळी चांगली हातभर उघडून ऐवज बाहेर काढण्याखेरीज गत्यंतर नसे. फेंस मोडण्यास तेल पाजणें हा उपाय खेड्यापाड्यांतून होताच. तो कां लागू पडतो हें शास्त्रानें विसाव्या शतकांत सांगितलें, आणि मग या कामीं सुरीची गरज पुष्कळच कमी झाली.

येथें थोडें विषयांतर करून पशुवैद्यकाच्या विद्यालयांकडे वळलें पाहिजे. पहिलें विद्यालय फ्रान्समध्यें लियों येथें १७६१ सालीं क्लोद बूर्जला यानें स्थापिलें. सरकारनें त्याला पैसा दिला तो मुख्यतः बुळकांड्यानें गुरांचे कळपच्या कळप नाहींसे होत होते म्हणून. परंतु बूर्जला हा मूळचा अश्वविद्येचा आचार्य. विद्यालयांत घोडा शिरला आणि गाय दाराबाहेर राहिली. १७९१ मध्यें लंडनला विद्यालय निघालें, तेथेंहि तेंच. घोड्याला शिकलेला शस्त्रवैद्य मिळे, गाईला गांवचा अशिक्षित गुरवैद्य. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. तेथून शिकून बाहेर पडलेल्यांना आपल्या खेड्यांतून 'ढोर डॉक्टर' म्हणत, आणि त्या शब्दांत आदरापेक्षां थट्टाच अधिक असे. गाईचें पोट चिरण्याच्या कामीं विद्या मागें राहण्यास दुसरेंहि कारण होतें. यूरोप-अमेरिकेंत गाईचें दुखणें लांबलें कीं शस्त्रवैद्याचा खरा प्रतिस्पर्धी खाटीक असे. मांसाची किंमत शस्त्रक्रियेच्या खर्चापेक्षां जास्त असली तर प्रश्न तेथेंच मिटे.

वेदनेचाहि प्रश्न होताच. माणसाला ईथर किंवा क्लोरोफॉर्म देऊन निजवितात तसें गाईला करणें धोक्याचें. आडवी पडून बेशुद्ध झालेली गाय फुगते, आणि कोठीपोटांतला ऐवज घशांत येऊन श्वासनलिकेंत उतरतो. १८८४ मध्यें कोकेनच्या बधिर करण्याच्या गुणाचा व पुढें प्रोकेनचा शोध लागल्यावर मार्ग मोकळा झाला. अमेरिकेंतील फार्कर्सन यानें १९४० मध्यें कण्याशेजारीं, भकाळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळाशींच, सुई टोंचून ती बाजू बधिर करण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हांपासून आजपर्यंत गाईच्या पोटावरील पुष्कळशा शस्त्रक्रिया ती उभी असतांना, कित्येकदां रवंथ करीत असतांना, होत आल्या आहेत. प्रथमच पाहणाऱ्याला हें दृश्य अविश्वसनीय वाटतें. बाजूला हात कोंपरापर्यंत आंत गेलेला डॉक्टर, आणि पुढें गाय शांतपणें मालकाकडे पाहत उभी!

कोठीपोट उघडणें ही शस्त्रक्रिया धान्य अति खाल्लेल्या जनावरावर एकोणिसाव्या शतकापासून होत होती. आपल्याकडे लग्नसराईंत उरलेला भात, पोळ्या आणि गोडधोड प्रेमानें गाईपुढें ओतलें जातें. त्यानें कोठीपोटांत एकाएकीं आम्ल माजतें व पुण्य करणाऱ्याच्या दारांत गाय आडवी होते. परंतु या शस्त्रक्रियेला खरी प्रतिष्ठा आली ती तारेमुळें.

१८७४ मध्यें अमेरिकेंतल्या इलिनॉयमध्यें ग्लिडन यानें कांटेरी तारेचा परवाना मिळविला. त्यानंतर कुंपणें तारेचीं झालीं, गवताचे गठ्ठे तारेनें बांधले जाऊं लागले, आणि पुढें चारा कापणाऱ्या यंत्रांनीं त्या तारेचे बोटभर तुकडे करून चाऱ्यांत मिसळले. घोडा किंवा शेळी ओंठांनीं चांचपून खाते. गाय जिभेनें वेटोळें घालून ओढते आणि फारसें न चावतां गिळते. जिभेवरचे कांटे आंतल्या दिशेला वळलेले, त्यामुळें तोंडांत शिरलेला खिळा बाहेर येत नाहीं. जड वस्तु जाळीपोटांत उतरते. जाळीपोट दर मिनिटाला आकुंचन पावत असतें, आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर तारेचें टोंक भिंतींत रुततें. पुढें काय आहे? छातीचा पडदा, आणि त्याच्या पलीकडे थोड्याशा बोटांच्या अंतरावर हृदय. तार त्या पिशवींत शिरली कीं पू होतो आणि मग उपाय जवळजवळ नसतो. गाय पाठ वांकवून, कोंपर बाहेर काढून उभी राहते. उतारावरून खालीं जाण्यास नाखूष असते. वशिंडामागची पाठ चिमटली तर कण्हते. हीं चिन्हें पाहून जुने डॉक्टर तारेचा अंदाज बांधीत, आणि धातुशोधक यंत्रें आल्यावरहि त्यांचें महत्त्व कमी झालें नाहीं. कारण यंत्र लोखंड आहे इतकेंच सांगतें, तें टोंचलें आहे कीं नुसतें पडून आहे हें सांगत नाहीं, आणि लोखंड पोटांत घेऊन सुखानें जगणाऱ्या गाई पुष्कळ असतात.

या कामीं जर्मनींतील हानोव्हरच्या रिचर्ड ग्योत्से याचें नांव प्रसिद्ध आहे. भकाळी उघडल्यावर कोठीपोटाची भिंत प्रथम जखमेच्या कडेला शिवून घ्यावयाची आणि मगच ती कापावयाची, म्हणजे आंतला घाण ऐवज उदराच्या पोकळींत सांडत नाहीं. ही त्याची रीत. युक्ति अगदीं साधी, परंतु तिनें असंख्य गाई वांचविल्या. नंतर हात कोठीपोटांतून पुढें जाळीपोटांत घालावयाचा व त्या पोळ्यासारख्या भिंतीवर बोटांनीं खिळा शोधावयाचा. डोळ्यांचें काम येथें नाहींच. पुढें १९५० नंतरच्या काळांत याहून स्वस्त उपाय निघाला. बोटाएवढा लोहचुंबक गाईला गिळवावयाचा. तो जाळीपोटांत जन्मभर राहतो आणि येणारें लोखंड स्वतःशीं धरून ठेवतो. आपल्या देशांत म्हशींनाहि हें लोखंड भोंवतें. त्यांत छातीचा पडदा फाटून जाळीपोट छातींत घुसण्याचा प्रकार विशेष दिसतो, व त्यावरील शस्त्रक्रियेंत भारतीय पशुवैद्यांचा हात चांगला बसला आहे.

आतां १९५० सालाकडे येऊं. त्या वर्षीं ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या नियतकालिकांत बेग व फोर्ड यांनीं निरनिराळ्या लेखांतून एका नव्या विकाराचें वर्णन केलें: गाईचें चौथें पोट, जें उजवीकडे तळाशीं असावयाचें, तें वायूनें भरून कोठीपोटाखालून सरकतें आणि डाव्या कुशींत वर येऊन बसतें. व्यालेली गाय, बहुधा पहिल्या महिन्यांतली, धान्य सोडते, चारा चघळते, दूध आटवते आणि दिवसेंदिवस खंगते. अशा गाई त्यापूर्वींहि असतीलच. परंतु त्यांच्या दुखण्याला अपचन म्हणून सोडून दिलें जाई. रोग ओळखण्याची रीत मोठी मौजेची आहे. कानाला नळी लावून बरगड्यांवर टिचकी मारावी. कांशाच्या भांड्यावर मारल्यासारखा खणखणीत नाद आला तर चौथें पोट तेथें आहे. बोटांनीं ठोकून छाती तपासण्याची विद्या आउएनब्रुगर यानें १७६१ सालीं, म्हणजे लियोंचें विद्यालय निघालें त्याच वर्षीं, प्रसिद्ध केली होती; गाईच्या कुशीपर्यंत पोंचण्यास तिला जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं.

एकदां ओळखतां आल्यावर मात्र हा विकार सर्वत्र दिसूं लागला. उपाय प्रथम अगदीं गांवठी होता. गाईला उजव्या कुशीवर पाडावयाचें, पाठीवर उलटवून झुलवावयाचें, म्हणजे वायूनें भरलेलें पोट तरंगत आपल्या जागीं येतें. येई, आणि चार दिवसांनीं पुन्हां सरके. मग तें शिवून ठेवण्याच्या नाना रीति निघाल्या. कोणी गाईला उताणी पाडून पोटाच्या तळाशीं टांका घातला. हानोव्हर येथें डिर्कसेन यानें उभ्या गाईची उजवी भकाळी उघडून चौथ्या पोटाला जोडलेला चरबीचा पदर तेथें अडकविला. उत्रेख्त येथील डॉक्टरांनीं डावी बाजू धरली. १९८२ मध्यें ग्रायमर व स्टर्नर यांनीं पोट न उघडतांच दोरा बांधलेल्या दोन लहान सळया आंत सोडून तें जागेवर बांधण्याची कृति दिली, आणि त्यासाठीं वापरलें कोणतें हत्यार? तोच जुना ट्रोकार. १९९८ मध्यें यानोव्हित्स यानें दुर्बिणीच्या साह्यानें हेंच काम अधिक खात्रीचें केलें.

परंतु पोट सरकतें कां? एका कारणावर बोट ठेवतां येत नाहीं. व्यायल्याबरोबर रक्तांतला चुना कमी होतो व पोटाचे स्नायु शिथिल पडतात. वासरूं गेल्यानें उदरांत जागा होते. आणि अशाच वेळीं दुधासाठीं गाईपुढें धान्याची व पेंडीची रास पडते आणि लांब चारा कमी होतो. मोठ्या बांध्याच्या, दुधासाठींच निवडून वाढविलेल्या होल्स्टीन गाईंत हा विकार विशेष. कांहीं कळपांत शंभर गाईंमागें दोन ते पांच. त्याची प्रवृत्ति कांहीं अंशीं वंशानें उतरते असेंहि अभ्यासकांना आढळलें आहे. म्हणजे शस्त्रवैद्य टांका घालून जिला वांचवितो तिची वासरेंहि त्याच गोठ्यांत वाढतात. गाय वांचविणाऱ्या डॉक्टरला याबद्दल दोष देण्यास आमचें मन घेत नाहीं. परंतु गाईची निवड करणाऱ्यानें दुधाच्या आंकड्याशेजारीं शस्त्रक्रियांचा आंकडाहि मांडावयास हवा होता, आणि तो फार उशिरां मांडला गेला. आपल्या देशी गाई व म्हशी यांच्यांत हा विकार क्वचित् दिसतो. संकरित व भरपूर दुधाच्या गाई जेथें वाढल्या, जसें पंजाबांत, तेथें तो आला.

आपल्या शहरांनीं मात्र स्वतःचाच एक निराळा विकार निर्माण केला. सकाळची धार काढून गाय रस्त्यावर सोडावयाची आणि संध्याकाळीं पुन्हां बांधावयाची, ही रीत जुनी. पूर्वीं त्या वेळांत ती उष्टें, भाजीचे देंठ, केळीच्या साली खात असे. हेंच उष्टें आपण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गांठ मारून फेंकूं लागलों, आणि गाय पिशवीसकट गिळूं लागली. प्लॅस्टिक कुजत नाहीं, रवंथ होत नाहीं, व पुढच्या कप्प्याच्या अरुंद दारांतून जात नाहीं. दोऱ्या, चिंध्या, गोणपाट यांच्याशीं गुरफटून त्याचा गोळा वर्षानुवर्षें वाढत राहतो. पोट भरलेलें दिसतें व गाय उपाशी असते. शस्त्रक्रियेंत एकेका गाईच्या पोटांतून तीस-चाळीस किलो ऐवज निघाल्याच्या नोंदी आहेत. २०१२ मध्यें या विषयावर 'द प्लॅस्टिक काउ' नांवाचा माहितीपट निघाला व त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज दाखल झाला; महाराष्ट्र सरकारनें २०१८ मध्यें पिशव्यांवर बंदी घातली, आणि २०२२ मध्यें केंद्र सरकारनें एकदांच वापरून टाकण्याच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तु बंद केल्या. बंदीनंतरचे उकिरडे वाचकांनीं स्वतःच पाहिले आहेत.

येथें लोहचुंबक कामाचा नाहीं, ट्रोकारहि नाहीं. ग्योत्सेची रीतच शेवटीं उपयोगीं पडते. भकाळी उघडून कोठीपोटाची भिंत कडेला शिवावयाची व हातानें गोळा सोडवीत सोडवीत बाहेर काढावयाचा. दोन दोन तास हें काम चालतें. रिकाम्या झालेल्या कोठीपोटांत ते गवत पचविणारे सूक्ष्म जीव फारसे उरलेले नसतात, म्हणून निरोगी गाईच्या कोठीपोटांतला रस काढून तो या गाईला पाजतात. यूरोपांतले जुने गुराखी निरोगी गाईच्या तोंडांतली रवंथ काढून आजारी गाईला भरवीत, त्याचेंच हें सुधारलेलें रूप. आठ-दहा दिवसांनीं टांके काढतात. रस देणारी गाय मात्र पाहून निवडावी लागते. ती गोठ्यांत बांधून, चारा घालून पोसलेली असावी लागते, उकिरड्यावर चरणारी चालत नाहीं.